आराम वाटतोय, सर

या, जरा पुढे सरकून बसा. मागे भिंतीला टेकलेल्यांनो, तुम्हीसुद्धा या. भिंत कुठे पळून जात नाही. मी सांगणार आहे ती गोष्ट अजून घडायची आहे, पण फार लांबची नाही. तुमच्या घरात आज रांगणारं पोर कॉलेजात जाईल, तोवर ती घडून गेलेली असेल. म्हणून मी ती घडून गेल्यासारखीच सांगणार. गोष्टीत एक यंत्र आहे, एक खांदा आहे, आणि शिकल्यासवरल्या माणसांच्या लाचारीचा असा नमुना आहे की ऐकताना तुम्हाला हसू येईल आणि घरी जाताना चपला शोधता शोधता थोडी लाजही वाटेल. देवाचं नाव घ्या, आरंभ करू.

कृष्णाकाठच्या एका गावात फिजिओथेरपीचं मोठं कॉलेज होतं. गावाचं नाव विचारू नका. तिथल्या पदव्युत्तर वर्गात शर्वाणी खटावकर नावाची मुलगी शिकत होती. हुशार, नीटनेटकी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आईवडिलांना अभिमान वाटावा अशी आणि देवाला काळजी वाटावी अशी.

आता या विद्येची एक रीत आहे, ती आधी समजून घ्या. डॉक्टरकी शिकणाऱ्या पोरांना चिरफाडीला प्रेत मिळतं. फिजिओच्या पोरांना प्रेत चालत नाही, कारण प्रेताचा स्नायू हाताला उत्तर देत नाही. यांना जिवंत अंग लागतं, आणि फुकटचं जिवंत अंग म्हणजे शेजारचा विद्यार्थी. म्हणून प्रत्येकाला एक पार्टनर असतो. एकानं प्लिंथवर, म्हणजे उपचाराच्या त्या उंच टेबलावर, आडवं व्हायचं, दुसऱ्यानं त्याची मान, कंबर, खांदा चाचपायचा, मग अदलाबदल. शर्वाणीची पार्टनर निखत मुजावर. पदवीच्या पहिल्या वर्गापासून दोघी एकमेकींची हाडं मोजत आल्या होत्या. शर्वाणीचा डावा खांदा उजव्यापेक्षा किंचित वर असतो हे तिच्या आईला माहीत नव्हतं, निखतला माहीत होतं.

आणि या विभागाची आणखी एक रीत होती, ती पुस्तकात नव्हती. तिचं नाव डॉ. श्रीरंग ताटके.

ताटकेसर विभागप्रमुख. आपल्या हातात जादू आहे असं ते स्वतःच सांगायचे आणि वर्ग माना डोलवायचा. माना डोलवणाऱ्यांचे इंटर्नल मार्क त्याच हातात होते, जादू म्हणायची तर ती एवढीच. सर कुणातरी विद्यार्थ्याला सगळ्यांसमोर प्लिंथवर झोपवायचे, अंगठा रोवायचे, वजन टाकायचे आणि वर छताकडे बघत विचारायचे, "कसं वाटतंय?"

उत्तर ठरलेलं. "आराम वाटतोय, सर."

डोळ्यांतून पाणी येत असलं तरी आराम. दात आवळलेले असले तरी आराम. मागे एका बॅचमध्ये कुणी चिखलीकर नावाच्या मुलानं चुकून खरं सांगितलं होतं, "सर, दुखतंय." सर गोड हसले होते. "तुझी सहनशक्ती वाढवायला हवी," म्हणाले. त्याच विषयात तो मुलगा पुन्हा परीक्षेला बसला आणि पुन्हा नापास झाला. त्यानंतर विभागात कुणालाच कधी दुखलं नाही. असा निरोगी विभाग साऱ्या महाराष्ट्रात शोधून सापडला नसता.

सरांची सगळ्यांत लाडकी मॉडेल शर्वाणी. कारण तिचा चेहरा हलायचाच नाही.

"तुझ्या तोंडावर काही उमटतच नाही गं," निखत म्हणायची. "मेणाची आहेस की सरकारी?"

"दोन मिनिटं सोसायचं असतं. संपतं."

"सोस बाई सोस. पुढच्या जन्मी पायपुसणं होशील, तेव्हा सवय कामाला येईल."

शर्वाणी हसायची. हसून सोडून देणं तिला छान जमायचं.

तर अशा या विभागात ते यंत्र आलं. आलं कसलं, तिथेच जन्मलं. नाव ठेवलं 'मर्मज्ञ'.

आता थोडं शास्त्र ऐका, कंटाळू नका. आपला स्नायू काम करतो तेव्हा त्यात विजेच्या बारीक लहरी उठतात. त्या मोजायची यंत्रं जुनीच आहेत. पण दुखऱ्या जागेवर दाब पडला की आपल्या तोंडून 'आई गं' निघायच्या आधीच आसपासचे स्नायू आवळून घेतात. घरात चोर शिरल्यावर दारं धाडधाड लागावीत तसे. ही आवळण्याची तऱ्हा फार बारीक असते, प्रत्येकाची वेगळी असते, आणि शहाण्या फिजिओच्या बोटांना ती कळते. ताटकेसरांच्या विभागानं एक पातळ हातमोजा बनवला. त्याच्या बोटांना केसाहून बारीक संवेदक. हात रुग्णाच्या अंगावर ठेवला की तो दाब मोजतो, त्वचेचा ओलावा मोजतो, स्नायूच्या लहरी मोजतो, आणि समोरच्या पडद्यावर दिवा दाखवतो. हिरवा म्हणजे आराम, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे थांबा.

पण लहर मोजणं वेगळं आणि लहरीचा अर्थ लावणं वेगळं. स्नायू दुखण्यानं आवळतो, गुदगुल्यांनी आवळतो, थंड हात लागल्यानंसुद्धा आवळतो. कोणती लहर दुखण्याची आणि कोणती सुखाची, हे यंत्राला कुणीतरी शिकवायला लागतं. लहान मुलाला आपण गाय दाखवून 'गाय' म्हणतो तसंच. लहर दाखवायची आणि त्या क्षणी माणूस काय म्हणाला ते सांगायचं. अशी लाखो उदाहरणं दिली की यंत्र आपल्या मनाशी अर्थ बांधतं. हलक्या दाबाची उदाहरणं ओपीडीतल्या रुग्णांकडून मिळाली. रुग्ण बापडे खरं बोलले. पण जोरकस दाबाची उदाहरणं कुठून आणायची? म्हाताऱ्याकोताऱ्यांवर कोण जोर लावणार? ती आणली सरांच्या वर्गातून. तिथे कित्येक वर्षांच्या प्रात्यक्षिकांची रेकॉर्डिंग होती. लहरींचे आलेख, चित्र, आवाज, सगळं स्वच्छ आणि शिस्तीत लावलेलं.

त्या सगळ्यांत एकच वाक्य होतं. कोणतं, ते तुम्हाला आता मी सांगायला नको.

यंत्र भोळं असतं हो. त्याला इंटर्नल मार्क माहीत नसतात. त्यानं एवढंच शिकून घेतलं की हात जड झाला आणि स्नायू किंचाळायला लागला की माणसाला आराम वाटतो. हलक्या हाताला ते अगदी बरोबर सांगायचं, म्हणून सगळ्यांचा विश्वास बसला. चुकायचं ते फक्त जिथे चुकायला नको तिथेच.

सरांनी भाषणात वाक्य टाकलं, "रुग्ण खोटं बोलतो, स्नायू बोलत नाही." टाळ्या पडल्या. ओपीडीत पाटी लागली, 'कृपया शांत राहा, यंत्र तुमची वेदना ऐकत आहे.' आणि बघता बघता विद्यार्थ्यांची एक सवय मोडली. दुखतंय का, कुठे दुखतंय, कधीपासून, असं विचारायची. पडद्यावर सगळं दिसत असताना तोंड कशाला शिणवायचं? कवठ्याकडचा एक वयस्क पैलवान गुडघा घेऊन आला होता. तो वैतागून म्हणाला, "अगं पोरी, गुडघा माझा हाय. मला इचार की!" शर्वाणीनं त्याच्याकडे न बघताच सांगितलं, "काका, बोलू नका. लहर बिघडते."

अशा दिवसांत तिथे अनुसयाताई गुरव आल्या.

अनुसयाताई कीर्तनकार. पंचक्रोशीत उत्सव असो की जयंती, ताई उभ्या राहिल्या की देवळाचं आवार भरून जायचं. पूर्वरंगात त्या बुद्धीला हात घालायच्या, उत्तररंगात काळजाला. आख्यान ऐन रंगात आलं की चिपळ्यांचा उजवा हात असा वर जायचा, की शेवटच्या ओळीतली पेंगुळलेली पोरंही ताठ बसायची. मी तुम्हाला सांगते, ज्यानं चांगलं कीर्तन ऐकलं नाही त्याचे कान उगाचच दोन्ही बाजूंना लटकलेत. तर तो हातच आखडला. फ्रोझन शोल्डर, म्हणजे सांध्याभोवतीची पिशवी आकसून खांदा जखडतो, तो.

"हात खांद्याच्या वर जात नाही," ताई प्लिंथवर बसत म्हणाल्या. "खाली हात ठेवून कीर्तन करायचं म्हणजे बँकेच्या वार्षिक सभेत अहवाल वाचल्यासारखं वाटतं. लोकही बिचारे तसेच ऐकतात."

निखत खुदकन हसली. शर्वाणीनं पाटीकडे बोट दाखवलं.

"शांत राहू म्हणतेस? बाई, माझा धंदाच बोलायचा."

हळूहळू व्यायाम देत गेलं असतं तर खांदा सुटला असता. दोघींनाही ते माहीत होतं. पण लोकार्पणाचा सोहळा जवळ आला होता. यंत्र जिल्ह्याजिल्ह्याच्या रुग्णालयांत जाणार होतं आणि सरांना एक फिल्म हवी होती. जखडलेला खांदा, मर्मज्ञच्या मार्गदर्शनाखाली, एका बैठकीत मोकळा! कीर्तनकार बाई, पांढरे केस, कॅमेऱ्याला किती शोभेल.

निखतच्या हातात हातमोजा दिला. शर्वाणीनं खांद्याचं पातं, म्हणजे मागचं चपटं हाड, धरून ठेवायचं. सर कॅमेऱ्यामागे.

निखतनं हात वर न्यायला सुरुवात केली. पिवळा. आणखी थोडा जोर. हिरवा.

"बाई, दुखतंय गं," अनुसयाताई म्हणाल्या.

निखत थबकली. "सर, त्या म्हणतायत…"

"पडदा बघ, मुजावर. कोण काय म्हणतंय ते ऐकायला आपण कीर्तनाला बसलेलो नाही."

पुन्हा जोर. लख्ख हिरवा.

"दुखतंय! ऐकू येतंय का कुणाला?"

तेव्हा शर्वाणी त्यांच्या कानाशी वाकली. फार मऊ आवाजात, आपण दयाळूपणा करतोय अशा समजुतीनं ती म्हणाली, "नाही आजी. तुम्हाला दुखत नाहीये. बघा ना, हिरवं आहे."

अनुसयाताईंनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. आयुष्यभर हजारो माणसांच्या डोळ्यांत बघत आलेली ती बाई. त्या एवढंच म्हणाल्या, "खांदा माझा की त्या दिव्याचा?"

"कंटिन्यू," सर म्हणाले.

आणि काटकी मोडावी तसा आवाज आला. वयानं विरळ झालेलं दंडाचं हाड, खांद्याच्या खाली, मोडलं होतं. ताईंच्या तोंडून आवाजही फुटला नाही. आणि दिवा? दिवा हिरवाच होता.

चौकशी झाली. चौकशी कशी होते ते तुम्ही जाणताच. चूक आधी ठरते, मग ती कुणाच्या गळ्यात बसते ते बघतात. यंत्र चुकत नाही, सर चुकत नाहीत, उरली निखत. तिची पकड चुकली, असं ठरलं. वॉर्डात पाय ठेवायला तिला बंदी झाली. समितीची बैठक झाली की नाव कमी होणार, हेही सगळ्यांना कळलं. शर्वाणीला विचारलं, "तू तिथे होतीस. काय पाहिलंस?"

"मी खांद्याच्या पात्याकडे बघत होते, सर."

बघा, यात खोटं काहीच नाही. ती खरंच पात्याकडे बघत होती. असली खरी वाक्यं तयार करण्यातच कितीतरी माणसांचा जन्म सुखानं जातो.

रविवारी दुपारी ती होस्टेलच्या खोलीत आली तेव्हा निखत बॅग भरत होती.

"काय गं, पातं कसं आहे?" निखतनं विचारलं.

"निखत, प्लीज."

"नाही, मी आपलं विचारलं. तुला पात्याशिवाय काही दिसत नाही म्हणून." तिनं बॅगेतून सरावाचा हातमोजा काढला, फोन पलंगावर उभा करून त्याला जोडला. "बस इथे."

"कशाला?"

"माझी पकड चुकते ना? दाखव मला कुठे चुकते ते."

शर्वाणी बसली. निखतनं तिच्या मानेखाली, खांद्याच्या कोपऱ्यावर अंगठा ठेवला आणि वजन टाकलं. अगदी सरांसारखं. शर्वाणीच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. फोनवर हिरवा.

"कसं वाटतंय?"

"आराम वाट…" शर्वाणीच्या तोंडून निघून गेलं.

निखतनं हात काढला. शर्वाणीचा हात आपोआप तोंडावर गेला होता.

"हे त्याला कुणी शिकवलं?" निखतनं हळू विचारलं.

"आपण."

"आपण नाही. तू. मी निदान कण्हायचे."

"आणि कण्हून काय म्हणायचीस?"

निखत धपकन पलंगावर बसली. "आराम वाटतोय, सर," ती म्हणाली. क्षणभर दोघींनाही हसू फुटलं, वेड्यासारखं. मग ते विझलं.

दुसऱ्या दिवशी शर्वाणी सरांच्या केबिनमध्ये गेली. सर मोसंबं सोलत होते. तिनं सगळं सांगितलं. लहर, दाब, वर्गातलं ते वाक्य. सर एकेक फोड तोंडात टाकत ऐकत होते.

"म्हणजे तू माझ्या वर्गात खोटं बोलत होतीस?"

"हो, सर. सगळेच."

"सगळ्यांचं राहू दे. तू इतकी वर्षं खोटं बोललीस म्हणतेस. मग आज खरं बोलते आहेस, हे मी कशावरून धरायचं?"

खोटं बोलणाऱ्याची हीच पंचाईत. खरं सांगायला गेला की त्याची जुनी कमाई आडवी येते.

सरांनी बिया कागदात गुंडाळल्या. आवाज बापासारखा केला. "हे बघ बाळा. लोकार्पणाला प्लिंथवर तू असशील. तुझ्याइतका शांत चेहरा दुसरा नाही. तुझा प्रबंध माझ्याकडे आहे, पुढच्या वर्षी विभागात लेक्चररची जागा निघते आहे. आणि मुजावरचं म्हणशील, तर तिचं नाव कमी होणार नाही. एक वर्ष मागे पडेल, एवढंच. सगळं तुझ्या त्या दिवशीच्या वागण्यावर आहे. जा, अभ्यास कर."

आता सांगा, शर्वाणीनं काय करावं? गप्प राहिली तर मैत्रीण वाचते, पदवी मिळते, नोकरी मिळते. बोलली तर दोघी बाहेर. तिनं जाऊन निखतला सांगितलं. खरं तर तिला वाटत होतं की निखतनंच 'गप्प राहा' म्हणावं. म्हणजे गप्प राहण्याचं पुण्यही लागेल.

निखतनं ऐकून घेतलं. "छान. म्हणजे मला वाचवायला तू तिथे झोपणार, आणि गावोगावच्या म्हाताऱ्यांचे खांदे मोडणार. आणि मी तुला दर ईदला शीरखुर्मा पाठवायचा. वा गं."

"मग मी काय करू?"

"मला नको विचारू. आयुष्यभर तू कुणीतरी विचारण्याची वाट बघतेस आणि त्याला हवं ते उत्तर देतेस. एकदा स्वतःला विचार."

लोकार्पणाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. मंचावर फुलं, मध्ये प्लिंथ, मागे भिंतभर पडदा. आरोग्य खात्याचे संचालक आले होते. शालीवर शाल चढली, श्रीफळावर श्रीफळ. एका वक्त्यानं सरांना धन्वंतरी म्हटलं. दुसऱ्याला वाटलं आपण कमी पडलो, म्हणून त्यानं धन्वंतरीलाच सरांच्या रांगेत मागे उभं केलं. देवा, तू हे सगळं कसं ऐकून घेतोस कोण जाणे.

शर्वाणी प्लिंथवर बसली. सरांनी हातमोजा चढवला, तिच्या उजव्या खांद्याच्या कोपऱ्यावर अंगठा रोवला आणि वजन टाकलं. पडदा हिरवागार झाला.

"कसं वाटतंय?"

माइक तिच्या तोंडाशी होता. मागच्या दाराशी निखत उभी होती. तिला आत यायची परवानगी नव्हती. शर्वाणीचं तोंड सवयीनं 'आ' करायला निघालं होतं. तिनं ते मिटलं. मग उघडलं.

"दुखतंय," ती म्हणाली.

सभागृहात कुजबुज झाली. सरांचा अंगठा हलला नाही.

"खूप दुखतंय, सर. आणि नेहमीच दुखायचं. आम्ही मार्कांसाठी आराम म्हणायचो, यंत्र तेच शिकलं. अनुसयाताई गुरवांचा हात निखतच्या पकडीनं मोडला नाही. त्या दुखतंय म्हणत होत्या. सर म्हणाले कंटिन्यू. आणि मी त्यांना सांगितलं की तुम्हाला दुखत नाहीये."

आता तुम्हाला वाटेल, सभा हादरली असेल, सर पांढरे पडले असतील. नाही हो. तुम्ही माणसं फार चांगली आहात, म्हणून तुम्हाला असं वाटतं. ताटकेसरांनी प्रेक्षकांकडे बघून मंद स्मित केलं.

"मित्रहो," ते म्हणाले, "याहून चांगलं प्रात्यक्षिक मला ठरवूनही जमलं नसतं. मुलगी परीक्षेच्या ताणाखाली आहे. मैत्रिणीवरच्या प्रेमापोटी तिला वेदनेचा भास होतोय. तोंड म्हणतंय दुखतंय. आणि शरीर काय म्हणतंय?" त्यांनी अंगठा आणखी आत घातला. शर्वाणीच्या खांद्यात सुरी फिरल्यासारखं झालं. मागचा पडदा उजळून निघाला. "शरीर म्हणतंय, आराम! रुग्णाच्या बोलण्यावर का विसंबू नये, ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत."

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उभे राहिले. एक मुलगी रडकुंडीला येऊन सांगते आहे आणि विद्वानांची सभा तिच्या रडण्याला टाळ्या वाजवते आहे. असा देखावा बघायला नशीब लागतं म्हणतात; मी म्हणते, निर्लज्जपणा लागतो.

संचालकसाहेब तर भारावूनच गेले. कॅमेरे होतेच. ते कोटाची बटणं सोडत पुढे आले. "ताटके, आमचाही खांदा बघा जरा. फायली वाचून वाचून आखडलाय."

सरांना सोन्याहून पिवळं झालं. शर्वाणीला बाजूला करून साहेबांना बसवलं. अंगठा रोवला. वजन टाकलं. साहेबांचे डोळे एकदम मोठे झाले, मान कासवासारखी आत गेली, कपाळावर घाम तरारला. पडदा हिरवागार.

"कसं वाटतंय, साहेब?"

साहेबांनी समोर पाहिलं. सगळे कॅमेरे त्यांच्यावर. मागे वळून पडद्याकडे पाहिलं. आता खरं बोलावं तर आत्ताच जिला खोटी ठरवली त्या पोरीच्या पंगतीला बसावं लागतं.

"आ… आराम," ते म्हणाले. गालावरून पाणी ओघळत होतं. "फारच आराम."

पुन्हा टाळ्या. आणि त्या टाळ्यांत, अगदी मागून, दाराशी, निखत मुजावर मोठ्यानं हसली. सभ्य माणसांनी मागे वळून नाकं मुरडली. शर्वाणीला मात्र त्या हसण्याचा केवढा आधार वाटला! साऱ्या सभागृहात त्या क्षणी खरा आवाज तेवढा एकच होता.

पुढचं थोडक्यात. काही दिवसांनी संचालकसाहेब गळ्यात हात अडकवून कार्यालयात दिसले. बाथरूममध्ये घसरले, असं त्यांच्या कार्यालयानं कळवलं. मर्मज्ञ जिल्ह्याजिल्ह्यात पोचला. निखतचं नाव कमी झालं आणि शर्वाणीचा प्रबंध परत आला. दोघी एकाच एसटीनं त्या गावाबाहेर पडल्या. निखत खिडकीशी बसली, कारण शर्वाणीला उजवा हात वर करून खिडकी सरकवता येत नव्हती.

तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं. घरी आई नोकरीबद्दल विचारायची, शेजारणी लग्नाबद्दल विचारायच्या. मंचावर सरांनी तो अंगठा घातल्यापासून खांदा रात्रंदिवस ठणकत होता, आणि तिच्या तोंडून त्याबद्दल शब्द निघत नव्हता. एकदा एवढ्या मोठ्यानं सांगून बघितलं होतं ना.

अनुसयाताईंचं हाड जुळलं पण हात काही वर गेला नाही. तरी त्या कीर्तनाला उभ्या राहिल्या. नदीपलीकडच्या एका लहानशा देवळात शर्वाणी ऐकायला गेली, सगळ्यांत मागे बसली. उजवा हात पोटाशी, चिपळ्या डाव्या हातात. ताल मधूनमधून चुकत होता. ताई त्यावर स्वतःच कोटी करत होत्या, "देवाला सांगितलंय, बाबा, तू ठेका धर, मी नुसती चूक करते." लोक हसत होते, रडत होते. उत्तररंग रंगला तो असा रंगला की शर्वाणीला आपण कशाला आलो तेही आठवेना.

कीर्तन संपलं. पाया पडायला रांग लागली. शर्वाणीचा नंबर आला. तिनं क्षमेचं वाक्य मनाशी घोकून ठेवलं होतं. ती वाकली, पण उजवा हात पावलांपर्यंत गेलाच नाही. अर्ध्यावर थांबला.

अनुसयाताईंनी तिला ओळखलं होतं. चेहऱ्यावर राग आला असेल, दिवाबत्तीच्या उजेडात नीट दिसलं नाही. त्यांनी तिच्या अडलेल्या हाताकडे पाहिलं आणि विचारलं, "खांदा दुखतोय का गं?"

मागे रांग खोळंबली. "चला, पुढे चला," कुणीतरी म्हणालं. प्रसादवाला ताट घेऊन कुरकुरला. अनुसयाताई हलल्या नाहीत. तिच्या खांद्याला हात लावला नाही, समजूत काढली नाही, स्वतःच उत्तरही देऊन टाकलं नाही. विचारलं होतं, आता त्या वाट बघत होत्या.

"दुखतोय, आजी," बऱ्याच वेळानं शर्वाणी म्हणाली.

"कुठे?"

तिनं बोटानं जागा दाखवली. आणि मग देवळातल्या त्या सगळ्या गर्दीत, लहान मूल रडतं तशी ती रडली.

इथे गोष्ट थांबते. टाळ खाली ठेवायच्या आधी एक मागणं आहे, तेवढं पदरात घाला. कधी ना कधी तुमच्यासमोर कुणीतरी येईल, तुमचं पोर, तुमची सून, तुमचा म्हातारा बाप, आणि म्हणेल दुखतंय. तुमच्या हाताशी तेव्हा शंभर दिवे असतील, सगळे हिरवे. त्या वेळी, आपला मोडका हात पोटाशी धरून, रांग खोळंबवून उत्तराची वाट बघत उभ्या राहिलेल्या अनुसयाताई गुरवांची आठवण ठेवा.